उंचीप्रमाणे

मान आपोआप वाकली, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

यवतमाळात दत्त चौकाच्या अलीकडच्या गल्लीतल्या एका पार्लरच्या खुर्चीत साधना भगत बसली होती. पाटबंधारे खात्यात उपअभियंता, पन्नाशी ओलांडलेली, चार लोकांत शब्दाला वजन असलेली बाई. रविवारी शाळेच्या सुवर्णमहोत्सवात भाषण करायचं, तर केस जरा माणसात आणावेत, एवढीच काय ती हौस. पार्लरमधल्या मुलीने भांग पाडायला कंगव्याचं टोक मानेवर नुसतं टेकवलं, तर साधनाची हनुवटी थेट छातीला. "अरे बापरे, इतकी नाही मॅडम," मुलगी हसली, "कुठं शिकल्या अशी मान वाकवायला? लहान पोरी पण इतकं ऐकत नाही." साधनाही हसली, मान वर केली आणि समोर पाहिलं. मागच्या भिंतीवरही आरसा होता. दोन आरशांच्या मधे सापडलेलं माणूस दिसतं तशी ती दिसत होती, एकीमागे एक, एकीमागे एक, प्रत्येकीच्या केसांत मागचीचे हात, आणि लांब जावं तशी प्रत्येक जण बुटकी होत गेलेली. उंचीप्रमाणे लावलेली रांग. तिला मजा वाटली. आणि मजा वाटता वाटताच तिला एकदम आठवलं, शाळेतली शोभा आठवीत आपल्यापेक्षा उंच होती. चांगली चार बोटं उंच. मग ती वेणीच्या रांगेत सगळ्यात पुढे काय करत होती?

घरी येईपर्यंत तिने स्वतःला तीनदा समजावलं की हे काही नाही. लहानपणीचं कोणाला नीट आठवतं? पण आठवत होतं ना, हाच तर त्रास होता. शाळा म्हणजे मारेगावच्या बाहेरची लीलाबाईंची शाळा. तिला एक लांबलचक नाव आहे, पण ते पाटीवर आणि सरकारी कागदांवर. गावाला ती लीलाबाईंची शाळा, आणि मुलींना नुसतीच शाळा, कारण राहणं, जेवण, ताप, रडणं सगळं तिथेच. लीलाबाई मूळच्या यवतमाळच्या, वडील कोर्टात शिरस्तेदार, घरात चार बुकं शिकलेली माणसं. लग्न केलं नाही. सरकारी शाळेतली चांगली नोकरी सोडून त्या मारेगावला आल्या तेव्हा नातेवाईक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. खेड्यातली पोरगी चौथी झाली की तिचं दप्तर खुंटीला आणि हातात विळा, हे त्यांना बघवेना, इतकीच त्यांची कथा. नीळकंठराव वकिलांनी जागा दिली, आणि नुसती जागा दिली असती तर शाळा चार दिवस टिकली नसती. त्यांनी आपली स्वतःची मुलगी, शोभा, तिथे राहायला ठेवली. वकिलांची पोरगी तिथे जेवते, तिथे झोपते, म्हटल्यावर कास्तकारांच्या, मास्तरांच्या, दुकानदारांच्या मुली आल्या. मग तांड्यावरची धनी आली, जी पहिला महिनाभर "याडी, याडी" करत आईसाठी रडायची. आणि त्या सगळ्यांच्या मागून, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहणाऱ्या उकंडाची साधना.

संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी वेणी. शाळेचा हा नेम अन्नासारखा होता, चुकायचा नाही. ओसरीवर सगळ्या मुली एकीमागे एक बसायच्या, पुढचीच्या केसांत मागचीचे हात. तेलाची वाटी हातोहात सरकायची. मानेवर कंगवा दोनदा टेकला की मान खाली, आणि मान खाली असली तरी आपले हात चालूच. सगळ्यात पुढे असायची तिच्यापुढे कोणी नाही, म्हणून कंगवे तिने धुवायचे. सगळ्यात मागे असायची तिच्यामागे कोणी नाही, म्हणून तिच्यामागे स्वतः बाई. "उंचीप्रमाणे गं, उंचीप्रमाणे!" बाई टाळ्या वाजवत ओरडायच्या आणि लवंग चघळत चघळत येऊन मागे मांडी घालायच्या. साधना उंच होती, बापाच्या वळणावर गेलेली. तिच्यापुढे धनी. तिच्यामागे बाई. बाईंचे हात कडक होते. डोळे ओढले जातील इतकी घट्ट वेणी, आणि वर एक टपली, झालं, ऊठ. त्या टपलीसाठी साधना दिवसभर वाट बघायची. सबंध शाळेत मोठ्या बाईंच्या हातची वेणी कोणाची, तर माझी. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही, पण पोटात मात्र जपलं, आणि पुढे आयुष्यात जिथे जिथे दार उघडणं जिवावर आलं, इंजिनिअरिंगच्या वर्गात, पहिल्या साईटवर, खुर्चीवर रेलून "कोणत्या कोट्यातून आल्या मॅडम?" विचारणाऱ्या साहेबासमोर, तिथे तिथे तिने मनातल्या मनात मानेमागची ती टपली आठवली आणि आत गेली. आता त्याच टपलीला हात लावायला ती भीत होती.

फोन शोभाचाच आला होता, आठवडाभरापूर्वी. शोभा आता संस्थेची अध्यक्ष. "अगं, तू नुसतं दहा मिनिटं बोल. शाळेचा इतिहास बाकीचे सांगतीलच, तू ती तुझी वेणीची गोष्ट सांग. बाई स्वतः तुझी वेणी घालायच्या ती. प्रमुख पाहुण्यांना मी सांगितली तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं गं. त्या काळात! विचार कर." साधनाने विचार केला नव्हता. तिला बरंच वाटलं होतं. त्या काळात, म्हणजे काय त्या काळात, हे आता तिच्या दाताखाली खड्यासारखं येत होतं. डोळ्यांत पाणी यावं असं त्या वेणीत काय होतं? धनीची वेणी मी घालायची, त्याने कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. शोभाची वेणी मागची मुलगी घालायची, तिची गोष्ट कोणी सांगत नाही. माझ्याच केसांना हात लावणं एवढं मोठं काम कशाने झालं? ती गॅस बंद केला का बघायला उठली. बंदच होता. परत येऊन बसली. नवरा संघदीप पेपर वाचत होता, म्हणाला, "काय चाललंय तुझं? अंगात वारं शिरलं का?" ती पुन्हा गॅस बघायला उठली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंगला सगळे ओळीने बसले, तर ही मुख्य अभियंत्यांचं ऐकायचं सोडून कोण कोणाहून उंच आहे ते बघत बसली. उंचीचा आणि खुर्चीचा काडीचा संबंध नव्हता. कधी असतो?

शनिवारी दुपारी निघायच्या आधी ती आईजवळ बसली. पंचफुला अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती, नातवाला पुण्याला पाठवायला. साधना यवतमाळात कितीही शुद्ध बोलो, आईजवळ बसली की जीभ आपल्या गावाला जायची.

"आई, मी रांगेत मांगंच काहून बसत होती वं?"

"उंच होती तू."

"शोभा माह्यापेक्षा उंच झालती. आठवीत."

पंचफुलाचे हात थांबले नाहीत. एक शेंग किडकी निघाली, ती तिने कोंबडीकडे फेकली. "मांगं कोन बसते, पुढं कोन बसते, कायले पाहाव? वेनी घट्ट होती ना? सुटली का कधी? मंग!" साधनाने एक शेंग उचलून सोलली. आईने वस्तीभर सांगितलेली ती गोष्ट तिला आठवली. माह्या पोरीची वेनी बाई घालते, बामनाची बाई, सोताच्या हातानं. विहारात, नळावर, लग्नाच्या मांडवात, जिथे म्हणून चार बाया जमतील तिथे. ती गोष्ट ऐकून ऐकूनच वस्तीतल्या आणखी पोरी शाळेत गेल्या होत्या, हेही खरं होतं. "तुले माहीत होतं," साधना म्हणाली. ती विचारत नव्हती. पंचफुला म्हणाली, "आंधयी होती का मी? भेटाले येत होती तवा दिसत होतं ना सारं. आपली पोट्टी तुह्या मांगं बसवाले कोनाची माय तयार नोहती." मग शेंगांचं सूप बाजूला ठेवून लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पन तुले घरी आनलं असतं तं तू शेंगाच सोलत बसली असती माह्याजवय. मी म्हनलं, शिकून राह्यली ना पोट्टी, शिकू दे. डोये झाकले म्या." साधनाला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना, म्हणून तो गाडीवर निघाला. वाटेतल्या करंजीपर्यंत ड्रायव्हर तीनदा म्हणाला, मॅडम, दार जोरात लावलं तुम्ही, काही चुकलं का माझं?

गाडीच्या काचेतून कपाशीची वाळलेली शेतं मागे जात होती आणि साधना हिशेब मांडत होती, तिला दुसरं काय येतं? समजा बाईंना माया होती. मग रांगेची सबब कशाला? समजा माया नव्हती. मग इतकी वर्षं, आजारी असल्या तरी, कुंथत कुंथत येऊन मागे का बसायच्या? एकदा त्यांच्या बोटाला नखुरडं झालं होतं, पिवळं, ठणकणारं. त्या बोटाला चिंधी गुंडाळून त्यांनी वेणी घातली होती, आणि साधनाला मानेवर ती चिंधी लागत होती, खरखरीत. तेव्हा तिला वाटलं होतं, एवढं दुखतंय तरी माझ्यासाठी. आता वाटत होतं, एवढं दुखत होतं तरी दुसरी कोणी एक दिवस हात लावायला तयार नव्हती. तीच चिंधी, तीच मान. उद्या माईकसमोर उभं राहून यातली कोणती गोष्ट सांगायची? पहिली सांगितली तर लोक टाळ्या वाजवतील आणि आपण आपल्याच तोंडाने आपलं मागे बसणं साजरं करू. दुसरी सांगितली तर म्हातारीच्या पन्नास वर्षांच्या कामावर तिच्याच समोर पाणी पडेल. आणि खरं सांगायचं तर दोन्हीपेक्षा मोठी भीती वेगळीच होती. ती टपली खोटी निघाली, तर आजवर जी जी दारं उघडली ती कोणाच्या जोरावर?

लीलाबाई आपल्या जुन्या खोलीत खिडकीशी खाटेवर बसल्या होत्या. नजर गेल्यात जमा, कान मात्र शाबूत, आणि जीभ तर विचारूच नका. बाहेर मांडव घालणाऱ्यांची ठोकाठोक चालली होती. साधना पाया पडली तर म्हणाल्या, "कोण? साधना? पायऱ्या चढताना दोनदा थांबलीस. जाड झालीस."

"झाले थोडी."

"बस. लवंग घे." डबी चाचपून पुढे केली. साधनाने लवंग घेतली, दाताखाली धरली, आणि तो तिखट वास नाकात चढल्याबरोबर विचार करून आणलेली सगळी वाक्यं विसरली.

"बाई, शोभा माझ्यापेक्षा उंच होती."

लीलाबाई जराही दचकल्या नाहीत. "आठवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीतून आली तीच उंच होऊन. परकर आखूड झाला होता तिचा." मग म्हणाल्या, "हे विचारायला तू इतकी वर्षं लावशील असं नव्हतं वाटलं मला. गणितात हुशार होतीस."

बाहेर कोणीतरी "दोर धर, दोर धर" ओरडत होतं. बाईंनी तो आवाज संपू दिला. "तू आलीस त्याच आठवड्यात माझ्या मनात होतं, ओसरी सोडायची. अंगणात कडुलिंबाभोवती गोल बसवायचं सगळ्यांना. गोल बसलं की पुढची कोणी नाही आणि मागचीही कोणी नाही. जी ती कोणाच्या तरी मागे. मुलींना सांगूनसुद्धा ठेवलं होतं, उद्यापासून गंमत आहे म्हणून. आणि नीळकंठराव आले. चहा घेतला. उठता उठता म्हणाले, मुलींच्या तेलाफणीचं तेवढं बघा लीलाबाई, शोभाची आई जरा जुन्या वळणाची आहे. झालं. आवाजसुद्धा चढवला नाही माणसाने. चढवला असता तर मी भांडले असते, मी काही कमी नव्हते. पण इतक्या सभ्यपणे कोणी सांगितलं की काय करशील? गोलात शोभाला तुझ्यामागे बसावं लागलं असतं. शोभा गेली असती, तिच्यामागून बाकीच्या गेल्या असत्या. राहिल्या असत्या तू नि धनी. दोघींची शाळा होत नाही गं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंचीचं काढलं."

"आणि माझ्यामागे तुम्ही बसलात."

"कोणीतरी बसायलाच हवं होतं."

"म्हणजे माया नव्हती," साधना म्हणाली, आणि आपला आवाज पाचवीतल्या मुलीसारखा आला याची तिला लाज वाटली.

"आधी लाज होती. तुझ्यामागे बसले की माझं तोंड तुला दिसायचं नाही, बरं वाटायचं. माया मग लागली, घालता घालता. ती खोटी नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू या वयात? पण लोक त्या लाजेलाच माझा मोठेपणा म्हणाले आणि मी म्हणू दिलं. तुझ्या आईने गावभर केलं, तेही होऊ दिलं. वेणी घालणं सोपं होतं, साधना. गोल बसवणं अवघड होतं. मी सोपं ते केलं." लीलाबाईंनी डबीचं झाकण लावलं. ते नीट बसेना, पुन्हा लावलं. "उद्या सांगायचं ते सांग. फक्त माझं कौतुक करू नकोस. मला उठून जाता येत नाही."

साधना बाहेर आली. तिला ओरडायचं होतं. दोघींची शाळा होत नाही, हे वाक्य तिच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं जात होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं होतं. त्या दिवशी गोल झाला असता तर आज ही खात्याची गाडी, हा राग, हा राग नीट शब्दांत मांडायची अक्कल, यातलं काहीच नसतं. ज्याच्यावर चिडायचं त्याचंच खाऊन माणूस मोठं झालेलं असलं की चिडता तरी कसं येणार? खाली ओसरीवर तेलाचा वास होता. मुली बसल्या होत्या, एकीमागे एक. गृहप्रमुख चंदाबाई कौतुकाने म्हणाल्या, "पाहा मॅडम, मोठ्या बाईंची पद्धत. अजून मोडली नाही आम्ही. उंचीप्रमाणे." साधनाने रांगेवरून नजर फिरवली, पुढून मागे. सगळ्यात मागची, जिच्यामागे चंदाबाई मांडी घालून बसल्या होत्या, ती मुलगी सबंध रांगेत सगळ्यात बुटकी होती.

"ही कुठली?"

"मैना? ही पोडावरची, कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. चांगली आहे पोरगी, गरीब."

"ही काहून मागे?"

चंदाबाईंनी मैनाकडे पाहिलं, मग रांगेकडे, जणू पहिल्यांदाच. "ती... आली तेव्हापासून मागंच बसते ना मॅडम. काही विशेष नाही." चंदाबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि साधनाच्या अंगावर काटा आला तो त्यामुळे. लीलाबाईंना निदान लाज होती. इथे नुसतीच पद्धत उरली होती.

"उठा गं सगळ्या," साधना म्हणाली. आवाज मोठा निघाला, साईटवर निघतो तसा. "तेलाच्या वाट्या घ्या. अंगणात चला. लिंबाभोवती."

मुली एकमेकींकडे पाहत, हसत, ढकलत उतरल्या. चंदाबाई "अवो मॅडम, प्रार्थनेची वेळ..." म्हणत मागून आल्या. लिंबाचा बुंधा आता चांगलाच जाड झाला होता, रांग त्याच्याभोवती वळत वळत गेली आणि दोन्ही टोकं समोरासमोर आली. पुढचं टोक म्हणजे शाल्मली, मारेगावच्या डॉक्टरांची मुलगी, डोळ्यांवर चष्मा, हातात धुवायचे कंगवे. मागचं टोक मैना, पाठ करून बसलेली, खांदे आक्रसून. मधे एका माणसाची जागा रिकामी. साधनाने शाल्मलीला त्या जागेकडे बोट दाखवलं. मग तिने लिंबाला हात टेकला. आता ही पोरगी चंदाबाईंकडे बघणार. आता नाक मुरडणार, नाहीतर काहीच न म्हणता मान खाली घालून उभी राहणार, आणि ते पाहायला मी पन्नाशी ओलांडून इथे आले. शाल्मलीने चंदाबाईंकडे पाहिलंच. मग ती मैनामागे बसली, कंगवा तिच्या मानेवर दोनदा टेकवला. मैनाची मान खाली गेली.

"ए, तेल जास्त लावू का कमी?" शाल्मलीने विचारलं.

"कमी," मैना म्हणाली. "उशीले लागते."

बस. एवढंच. पोरी बडबडू लागल्या, वाट्या फिरू लागल्या, कोणीतरी कोणाचे केस ओढले आणि आरडाओरडा झाला. साधना लिंबाला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यात आनंद किती आणि संताप किती ते तिला ठरवता येईना. काळ बदलला म्हणून इतकं सोपं झालं, की ते तेव्हाही इतकंच सोपं होतं? शोभानेही हेच विचारलं असतं का, तेल जास्त का कमी? तिला कोणी विचारलंच नव्हतं. वरच्या खिडकीतून लीलाबाईंचा आवाज आला.

"साधना, काय चाललंय गं खाली? आवाज ओसरीवरून येत नाही."

"गोल बसवलं, बाई. लिंबाभोवती."

लीलाबाईंनी खिडकीचा गज धरला. मांडववाल्यांची ठोकाठोक तेवढ्यात थांबली होती.

"बसल्या?"

"बसल्या."

"लगेच?"

साधनाने डोळे पुसले. खोटं सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं, म्हातारीसाठी, थोडा वेळ लागला म्हणून सांगावं. पण मागे मैना आणि शाल्मली कशावरून तरी खिदळत होत्या, आणि ते वर ऐकू जात असणार.

"हो बाई," ती म्हणाली. "लगेच."